शंभर देठ

चांदोरीच्या सगुणाबाई तासकर
लग्नपत्रिकेच्या पाकिटांतून देठ आणतात.
शंभर, मोजून. पाकिटावर ओळीचा नंबर.
खरड छाटणीनंतरचा पंचेचाळिसावा दिवस,
पाचव्या पानाचा देठ:
त्यांना सांगावं लागत नाही.
पानं खरं तर बांधावरच टाकायची असतात,
त्या चार-दोन पदरात घेऊन येतात.
"कडा बघ गं. कुणी उदबत्ती टेकवत गेल्यागत."

मी देठ धुते, वाळवते, दळते,
आम्लात विरघळवते,
आणि निळ्या ज्योतीत त्यांचा फवारा सोडते.
ज्योत पिवळी होते.
हळदीचा नाही हा पिवळा, झेंडूचाही नाही.
ओझरजवळ हायवेला पूर्वी दिवे होते,
त्यांच्याखाली धडधाकट माणूसही
कावीळ झाल्यासारखा दिसायचा,
तो.
आकडा थरथरतो, मग बसतो.

सहावी ओळ, स्वतःच्या मुळावरची: फार.
सातवी, डॉगरीजवर कलम केलेली: निम्म्याहून कमी.
बोअर एकच. माती एकच, चोपण,
ओली असताना साबण
आणि वाळली की पांढरं फुटणारी.

"म्हणजे सातवीला मीठ लागतच नाही?"

लागतं. पण तिच्या मुळाच्या आत
मेणाचं एक कुंपण आहे, पेशीपेशीला लावलेलं.
तिथं विचारपूस होते:
कोण, कुठचं, आत काय काम.
पुष्कळसं मीठ तिथूनच परत फिरतं.

"आणि सहावीत?"

सहावीत आत येतं. मग वेल काय करते,
पेशीच्या पोटात एक खोली असते,
तिच्यात ते कोंडते आणि दार लावून घेते.
बाहेर कामं चालू राहतात.
पण कोंडलेलं मीठ पाणी ओढत राहणार,
म्हणून दाराच्या अलीकडे
ती प्रोलिन साठवते, साखर साठवते,
ओढीला ओढ.
पानांची तोंडं अर्धी मिटते.
थेंब थेंब ड्रिप चालू, बुडाशी ओल,
आणि वेल तहानलेली.
एवढं करूनही उरतं
ते जुन्या पानांकडे पाठवते.
शेंड्याकडे नाही. शेंड्याकडे शक्यतो नाहीच.
खालची पानं कडेपासून जळत आत येतात
आणि एक दिवस मीठ घेऊन गळतात.

सगुणाबाई पदरातलं पान उलटं करून बघतात.
मला वाटलं, आता काही बोलतील,
आपल्यावर आणून लावतील.
त्या म्हणाल्या, "मंग ही गळलेली पानं
बुडातच कुजवतोय की आपण.
गाडीभर मीठ परत तिथंच."

चौदा वर्षं मी हे आकडे लिहिते.
गळलेल्या पानांचं पुढं काय होतं,
कुणी विचारलं नव्हतं.
रिपोर्टात मी जिप्सम लिहिलं, चर खोदा लिहिलं,
पावसात ताग गाडा लिहिलं.
शेवटी पेनानं, छापील ओळींच्या खाली:
पानं गोळा करून बाहेर टाकावीत.
(सूचना: स. तासकर.)

जाताना त्यांनी टेबलावर एक जुडी ठेवली.
घोळ.
पांढऱ्या तुकड्यावर, जिथं गवतही धरत नाही,
तिथं लोळत पसरलेली,
लालसर, मांसल, मजेत.
"मुगाची डाळ घाल. मीठ घालू नको,
तिनंच घालून ठेवलंय.
आणि सासूला देऊ नको,
बीपी आहे म्हणालीस ना मागं."

संध्याकाळी पिंपळगावात लाईट नव्हती.
गॅसच्या उजेडात भाजी निवडताना
काडीला चिकटलेली माती
बर्नरवर पडली,
आणि निळ्यात क्षणभर
तोच पिवळा.

पहिला घास मी तसाच, वरून काही न घालता.
आंबट. मग जरा थांबून, खारट.
किती, ते मला सांगता आलं नाही.
सासूबाई आतून विचारत होत्या,
कसला वास येतोय.