दोन बोटं

मुकुटबनच्या बसस्टँडमागे, जिनिंगच्या भिंतीला लागून
माझी खोली. लग्नांचं मिक्सिंग करते मी इथे.
एका लग्नाला रेंडर साडेपाच तास,
मधेच लाइन गेली की पुन्हा शून्यापासून.

सीताबर्डीचा दुकानदार फोनवर म्हणतो,
"मॅडम, कार्ड बदला, पाऊण तासात लग्न लावून देतो."
किंमत ऐकून मी मनातल्या मनात
नऊ लग्नं मोजली. त्यातली तीन उधार.

सुगतनं आधी डबा उघडला.
पंख्यात कापूस. खरंच कापूस, वात वळता येईल एवढा.
टूथब्रशनं झाडला, चिपवर नवी पेस्ट लावली,
नव्वदचं तापमान अठ्ठ्याहत्तरवर,
रेंडर चार तास दहा मिनिटं.
"पाह्यलं? एकशेवीस रुपयात अपग्रेड."
हाव, म्हटलं. पण हे झालं झाडणं.

तेव्हापासून उधारीच्या वहीत मागच्या बाजूनं लिहिते,
कोणाला कशापायी नाही म्हटलं.
खडकडोहचं लग्न: एका दिवशी दोन तारखा.
ठावरींचं बारसं: लाइन.
टेकामांचं ड्रोनचं फोर-के: कार्ड अडकलं,
पण ते त्यांच्या टीव्हीतही चालत नाही, म्हणून खोडलं.
रात्रभराचं थांबणं मी धरत नाही.
तेवढ्यात माझी झोप होते.

मग परवा विमलताई आत्राम आल्या.
पिशवीत लग्नाची कॅसेट, नव्व्याण्णवची.
नवरा त्यात दोनदाच दिसतो, हॅलोजनकडे पाठ करून.
"चेहरा उजळते का पाह्य बाई."
अकराव्या सेकंदाला पाटी आली: मेमरी अपुरी.
हलकं मॉडेल लावलं, तर पुढे गेलं,
पण चेहरा मेणाचा, भलत्याच माणसाचा.

दुसऱ्या दिवशी ठमके मास्तर वडिलांची कॅसेट घेऊन आले,
ती मी खोक्यातून काढलीसुद्धा नाही.
होत नाही, म्हटलं.

रात्री वहीत लिहायला बसले.
पहिला नकार मशीनचा.
दुसऱ्यापुढे काय लिहू? तो तर
माझ्याच तोंडून सवयीनं गेला.

आज शिवणाच्या टेपनं कॅबिनेट मोजतेय.
नवं कार्ड दोन बोटं लांब,
हार्डडिस्कचा पिंजरा कापावा लागेल,
सुगत कानस शोधतोय.
सप्लाय साडेचारशेचा, पुरतो का विचारायचंय,
आणि तीन उधारींना फोन.
विमलताईंची कॅसेट
कूलरच्या ओलीपासून लांब, कपाटात वर ठेवली आहे.