पाचवा रकाना

तीन महिन्यांच्या वर्गानंतर
केप्याच्या आरोग्य केंद्रात बिल्ला मिळाला:
दर्शनी वेळीप, साहाय्यक.
त्याआधी अकरा वर्षं मी नुसती ‘गो’ होते.
गो, हांगा यो. गो, बादली.

हात तेच. आता त्यांना यादी आहे.
सुई टोचायची नाही. गोळी बदलायची नाही.
घरच्यांच्या भाटाच्या भांडणात बोलायचं नाही
(हे शेवटचं मी स्वतःच घातलं).

कायतानबाब जहाजावर कुक होते.
उजवी बाजू गेली तेव्हापासून
डाव्या हाताने मीठ मागतात.
मीठ बंद. मी पेजेत बिंबल कुस्करते.
ते तोंड वाकडं करतात,
तोंड आधीच वाकडं,
मग दोघंही हसतो.

वहीत चार रकाने छापलेले: ताप, दाब, लघवी, जेवण.
पाचवा सिस्टर क्लॅरिंदांनी पट्टीने आखला. निरीक्षण.
‘दिसेल ते लिही,’ म्हणाल्या, ‘वाटेल ते नको.’
दोन आठवडे तो कोराच राहिला.
दिसणं आणि वाटणं
माझ्याकडे एकाच टोपात शिजायचं.

पहिली ओळ:
अर्धी पेज पोटात, अर्धी मांजराच्या.
‘सगळी खाल्ली म्हणून लिही,’ कायतानबाब गुरकावले.
स्विंडनहून मुलगा विचारतो, पाय, जेवलास?
त्याला ते खुशाल सांगतात, पुराय.
मी खोडलं नाही.

गुरुवारी पायमोजा काढला.
घोट्यावर रबराचा वळ.
रोज केस विंचरेपर्यंत तो जायचा,
आज दाढी झाली तरी तिथेच.
तेवढंच लिहिलं. दाढी झाली, वळ गेला नाही.

सिस्टरनी उभ्याउभ्याच वाचलं,
नडगीवर अंगठा दाबला.
खळी पडली, भरेना.
व्हरांड्यात जाऊन डॉक्टरांना फोन केला,
‘आमच्या साहाय्यकाने पाहिलं,’ असं म्हणाल्या
आणि आत वळून: ‘दर्शनी, कधीपासून?’
परवापासून, मी म्हटलं. परवा थोडा, काल जास्त.
त्या माझं बोलणं जसंच्या तसं
फोनमध्ये सांगत होत्या.

‘पगाराचा रकाना मात्र
अजून कुणी आखलेला नाही हां,’ जाताना म्हणाल्या.
माहीत आहे, म्हटलं.

गाडी येईपर्यंत पिशवी भरली.
चष्मा, तेर्साची माळ, दाढीचं सामान, वही.
आणि चार बिंबलं, कागदात गुंडाळून.
ती कुठेच लिहिली नाहीत.