तिसरा स्लॅब, अनगोळ

अंदाजपत्रक केलं तेव्हा
सळी एकसष्ट रुपये किलो होती.
आता बहात्तर, आणि कॉलममधून वर निघालेल्या सळ्या
गंजून तांबड्या.

बँक म्हणाली, खाता उतारा आणा.
उताऱ्यात वडिलांचं मुतगेकर
मुत्तगेकर झालेलं.
त्या एका जोडाक्षरावर
फाईल सात महिने पडून.

मग शिवलीलाक्कांकडे गेलो,
कन्नड शाळेच्या निवृत्त हेडबाई.
दीड टक्का, महिन्याला.
तारण: दुसऱ्या मजल्याचा ईशान्येकडचा फ्लॅट,
जो तेव्हा नुसती हवा होता.

दर शनिवारी येतात.
फळ्यांच्या जिन्यावरून साडी आवरत वर.
खडूच्या सवयीचं बोट कॉलमवर वाजवतात,
पाढा विचारल्यासारखं विचारतात:
वाळूचा ब्रास केवढ्याला? सेंटरिंगवाला किती मागतो?
मी सांगतो. त्या वहीत लिहितात
त्यांच्या आकड्यांत,
मी माझ्या.
बेरीज जुळते. त्यांची आधी होते.

स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारावं लागतं.
व्याजाला नाही लागत, ते कोरडंच पिकतं,
रविवारी, अमावास्येला,
लॉरी चेकपोस्टला अडकली तरी.

काल मात्र त्या हवेत,
म्हणजे आता खोलीत,
बराच वेळ उभ्या राहिल्या.
भिंत नाही तिथं हात ठेवून म्हणाल्या,
"खिडकी इथं थोडी खाली घ्या.
बसल्यावर दिसायला पाहिजे."

काय, ते नाही सांगितलं.
मी पेन्सिलीनं लिहून घेतलं:
चौकट सहा इंच खाली. विटा कमी, ग्रिल जास्त.
समोर रक्कम टाकली नाही.