भोपळा एक, दांड्या दोन

एक ठोकळा म्हणजे एक वीत.
नाकापासून शेपटीपर्यंत एक्केचाळीस,
पंख पन्नास, वर थोडं उरतं,
ते मी कुठेच लावलं नाही.

तीन रात्री नाकावर अडलेय.
चौकोनी ठोकळ्यांना गोलाई येत नाही;
लांबून व्हॅम्पायर, जवळून जिना.

अब्बा दुकान बंद करून आले,
नखांत चपडा, चष्मा कपाळावर.
"हे उडायचं?"
अगदी सुरुवातीच्या जेटांतलं, म्हटलं.
पुढचा भाग लाकडाचाच होता, अब्बा,
पातळ फळ्या, चिकटवून वाकवलेल्या.

तेव्हा कुठे खाली बसले.
भोपळा उन्हाकडे धरून बघावा
तसा फोन फिरवला.
"भोपळा एक, दांड्या दोन.
आणि तारा कुठायत?"

मग काचेवर बोट ठेवून,
"इथं एकदम वळवू नको.
तीन घे, मग दोन, परत दोन, मग एक.
पोट असंच भरतं."

लावले.
मिरज जंक्शनात कुठल्याशा मालगाडीचे डबे
धडाधड एकमेकांना भिडले.
तीन, दोन, दोन, एक.

अब्बांनी त्या नाकावर टिचकी मारली,
कान जवळ नेला,
आणि बराच वेळ
तसेच.