वीस मार्कांचा प्रश्न

तत्त्वज्ञानाला आम्ही पाच जण होतो,
त्यातला एक हजेरीपुरता.
पंखे मात्र साठ जणांचे फिरायचे.
देवस्थळीबाई फळ्यावर लिहायच्या: ‘आहे’ म्हणजे काय?
आणि खाली पार्ल्याच्या रस्त्यावर
भाजीवाला ओरडून सांगायचा
काय काय आहे ते.

निकाल लागला तेव्हा मुलुंडच्या काकांनी
पेढा अर्धाच खाल्ला,
उरलेला बोटांत धरून म्हणाले, “बरं. मग आता?”
तो अर्धा पेढा मला बरीच वर्षं दिसत राहिला.

मालाडला रात्रपाळी केली. तिथे माझं नाव सँड्रा.
मग भांडुपला, रंगांच्या कंपनीत,
पांढऱ्याच्या अकरा छटांना नावं ठेवली.
(आईनं ठेवली ती वेगळी.)
सातव्या पांढऱ्याला मी म्हटलं ‘पेज’,
साहेबांनी खोडून ‘आयव्हरी ड्रीम’ केलं.
भिंतीला काय त्याचं.

आता परळच्या इस्पितळात आहे,
अकरा महिन्यांच्या करारावर, जिन्याखालच्या टेबलाशी.
संमतीपत्रांचं मराठी बघते.

पहिल्याच आठवड्यात
माहीम कोळीवाड्याच्या यमुना तांडेल
पान तीनवर बोट ठेवून थांबल्या:
‘संभाव्य गुंतागुंतींची मला पूर्ण कल्पना देण्यात आलेली आहे.’
“गुंता म्हंजे? जाल्यात होते तसा?”
मग जरा थांबून, “आनि दिली कोनी कल्पना?”
डॉक्टरांनी घड्याळ बघितलं.
मी ते वाक्य पुन्हा वाचलं.
खरंच, त्यात कोणीच नव्हतं.
देणारा नाही, घेणारा नाही,
नुसतं देण्यात आलेलं.

तीन रात्री बसले.
लिहिलं: रक्त जास्त जाऊ शकतं.
शंभरातल्या दोघांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं.
तुम्ही नाही म्हणू शकता.
नाही म्हटलंत तरी कोणी रागावणार नाही.
(शेवटची ओळ समितीनं कापली.
मी पुन्हा घातली. पुन्हा कापली.
आता ती आहे.)

यमुनाबाईंनी नवं पान वाचून घेतलं,
पिशवी उचलली, आणि गेल्या घरी.
विभागप्रमुख म्हणाले, “तुमच्या मराठीनं पेशंट घालवला.”
त्या रात्री मी जेवले नाही.
काकांचा फोन आला होता, कायम झालीस का विचारायला.
उचलला नाही.

गुरुवारी त्या परत आल्या.
सोबत सून, सुनेच्या हातात
शाळेच्या वहीचं फाडलेलं पान, प्रश्न सात.
सहा डॉक्टरांनी सोडवले, खुर्चीत बसून,
आणि घड्याळ त्या दिवशी बाहीखाली होतं.
सातवा सुनेनं अडखळत वाचला:
“ह्या कागदावर सगलीकडं ‘मी’ लिवलंय.
मी शुद्धीवर नसेन तवा
‘मी’ म्हनून बोलनार कोन?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

असा प्रश्न आम्हाला होता, शेवटच्या पेपरात,
वीस मार्कांना.
मी तो सोडून दिला होता.

यमुनाबाई वाट बघत होत्या,
पदराची गाठ सोडत, बांधत.
मी स्टूल जवळ ओढलं.
पान तीनच्या तळाशी चार बोटं जागा कोरी होती.
“तुम्हाला कोण बोलायला हवंय?” मी विचारलं,
आणि पेनचं टोपण काढलं.