घूस आणि खडक

नाव सायन्ना. जात वडार. वय मोजलं नाही.
टाकळगव्हाणच्या गढीला वेढा पडला
तवा माझी उजवी दाढ ठणकत व्हती, एवढं ध्यानात हाये.

गढी काही मोठी नव्हती. चार बुरूज, एक बारव,
पर पैनगंगेचा उतार तिच्या उंबऱ्याशी.
पल्याड एक राज्य, अल्याड दुसरं,
अन् मधी हटकर नाईक,
दोघांनाबी सारा न देणारा.

पौषात पलटण आली. कंपनीचे साहेब, बैलांच्या तोफा.
हुरड्यात आलेली ज्वारी घोड्यांनी खाल्ली.
अकरा दिवस तोफा चालल्या.
गढीची भिंत पांढरीच्या मातीची,
गोळा आला की गिळायची,
ढेकरसुदिक नाही.

मग मुन्शी पालावर आला:
पाया कुणाला ठावा?
पूर्वेच्या बुरुजाचा पाया माझ्या बापानं भरला व्हता.
चुन्यात गूळ किती, हिरडा किती,
मला तोंडपाठ.
रोज चार आणे म्हणला. मी हो म्हणलं.
कामून म्हणलं, विचारू नका.
भूक लागली व्हती म्हणलं की सगळेच माफ करतात,
अन् मला तवा भूक नव्हती.

सुरुंग कमरेइतका उंच.
पोटावर सरकायचं, माती मागं ढकलायची,
दिव्याचं तेल संपलं की हातानं बघायचं.
सहाव्या रात्री हात थांबला.
पलीकडून ठोका.

दोन हलके, एक भारी. मग दम.
मग दोन हलके.

वडाराचा घण त्याच्या आवाजावरून वळखू येतो,
जशी म्हैस खुरावरून.
हा तिम्मा. माझ्या बहिणीचा नवरा.
गेल्या उन्हाळ्यात बारवेचा गाळ काढाया आत गेला
अन् दरवाजा लागला.

आमच्या मधी दोन हात माती असंल.
मी घण उलटा धरला,
दांड्यानं मारलं: दोन हलके, एक भारी.
पलीकडं सगळं गप.
लई वेळ.
मातीतून पाणी पाझरावं तसं गप.

सकाळी साहेबाला सांगितलं,
पुढं खडक लागला, फुटत नाही.
साहेबानं दोरी टाकून मोजलं, वहीत काहीतरी लिहिलं,
माझ्याकडं बघितलंबी नाही.

आत काय झालं ते गंगव्वानं मागून सांगितलं.
तिला ताशापुढं बसवलं व्हतं.
ताशाच्या कातड्यावर ज्वारीचे दाणे,
जमीन हादरली की दाणे नाचायचे.
ते नाचले तसा अरब जमादार धावत आला.
तिम्मा भुयारातून वर आला, माती झटकत,
म्हणला, घूस हाये. मोठी हाये. पर घूसच हाये.
रात्री तिला म्हणला,
तुझा भाऊ हाये खाली. हात अजून जड मारतो.

त्यानं घूस सांगितली. मी खडक.

आमावस्येच्या पहाटे पश्चिमेचा बुरूज उडाला.
तिकडं दुसरा सुरुंग व्हता. नांदेडकडचे बेलदार लावले व्हते,
आम्हाला कुणी बोललं नव्हतं.
पूर्वेकडं निजायला जागा नाही
म्हणून तिम्मा त्या रातीला पश्चिमेला निजला व्हता.

माझा हिशोब झाला. एक रुपया सहा आणे,
खडकाचे दोन आणे कापून.

गढीचे दगड पुढं हिंगोलीच्या छावणीला लागले.
ते मीच घडवले. दुसरं काम नव्हतं.
गंगव्वा माझ्याच पालाशेजारी राहिली, बावीस वर्षं,
माझी पोरं तिनं न्हाऊ घातली,
भांडली, हसली, माझ्या घरचं जेवली.
फक्त ज्वारी पाखडताना मी जवळ गेलो
की सूप खाली ठेवायची,
अन् मी जाईस्तोवर
दाण्यांकडं बघत बसायची.