पेव

नेमगोंडा मगदूमच्या सात सिनेमांत मी मेले,
मालिकेत दर शुक्रवारी, रात्री साडेदहाला.
मिरजेच्या बसमध्ये पोरं उठून जागा द्यायची
आणि शेजारचीही रिकामी ठेवायची.

मुंबईचे निर्माते विचारायचे,
पैसे भुताचे घेता, किंकाळ्या कुठायत?
तो बडीशेप चघळत म्हणायचा, हरिपूरला या.
कुणी आलं नाही.

हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं.
तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत अख्खं घर मावेल.
त्याचा बाप हमाल.
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे दोरीनं.
जळत राहिला तर बाप उतरायचा.
विझला, तर सगळे काठावर बसून राहायचे
आणि कुणीच काही बोलायचं नाही.

"एवढंच येतं मला," तो म्हणायचा,
"बाकीचं तुझे केस करतात."

मला पांढरी पावडर कधी लावू दिली नाही.
हळदच. उशीला, नखांना,
नवऱ्याच्या सदऱ्याला.

मग महापूर आला, पेवं ढासळली.
चॅनेलनं शुक्रवार सासू-सुनांना दिला.
तो सांगलीत लग्नाचे व्हिडिओ काढू लागला;
हळदीच्या वेळी दिवा सवयीनं खालून मारायचा,
नवरीकडचे पैसे कापायचे.

शेवटचा भेटला तो एका फुटक्या पेवाच्या काठावर.
मोबाईलचा टॉर्च लावून सुतळीनं आत सोडला होता.
मीपण वाकले.
खाली चिखल, उजेड, बेडूक.
बराच वेळ बघून म्हणाला,
"हा विझतच नाही गं.
कळायचं कसं, उतरायचं का नाही?"